रहीमसाहेब नेमकं शिकवायचे काय? (पदकांच्या यादीपलीकडचं)

पेठेतला विंगर

‘मैदान’ सिनेमा येऊन गेल्यापासून भारतीय फुटबॉल संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव सगळ्यांना पाठ झालंय. १९५१ दिल्ली एशियाड सुवर्ण, १९५६ मेलबर्न ऑलिंपिक चौथा नंबर, १९६२ जकार्ता सुवर्ण, ११ जून १९६३ ला कॅन्सरने निधन, वय ५३. एवढं कुठेही वाचायला मिळतं. मला हवंय ते वेगळं. चुनी गोस्वामी, पीके बॅनर्जी, बलराम, जर्नेल सिंग, थंगराज असे खेळाडू हाताशी असल्यावर कोच वेगळं काय करत होता? सराव कसला घ्यायचा, ऐन सामन्यात काय बदलायचा? आणि त्यातलं बारा-चौदा वर्षांच्या पोरांना आज शिकवण्याजोगं काही आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहा. ‘ते महान होते’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

कूपरेज पूर्व स्टँड

सुरुवात भारतीय संघापासून करू नका, रहीमच कोच असलेल्या हैदराबाद सिटी पोलिस संघापासून करा. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं या संघाने रोव्हर्स कप जिंकला, तोही मुंबईत, कूपरेजवर. पोलिसांचाच संघ म्हणजे मोठे खेळाडू विकत आणायचा प्रश्नच नव्हता. घरच्याच पोरांना घडवायचं होतं. म्हणून त्यांच्या पद्धतीचा पुरावा शोधायचा तर तो पदकांपेक्षा या पाच वर्षांत जास्त सापडतो.

त्यांचा पेशा शिक्षकाचा. १९४३ पासून मरेपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव तेच होते, त्यामुळे स्पर्धांचे नियम त्यांच्या हातात होते. त्याचा त्यांनी उपयोग कसा केला बघा. शहरातल्या मुलांसाठी दोन विचित्र प्रकारच्या स्पर्धा लावल्या. एकीत ड्रिब्लिंगला बंदी, दुसरीत फक्त कच्च्या, म्हणजे सवय नसलेल्या पायाने खेळायचं. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी ठेवून दोघातिघांना चकवणारा तो मोठा खेळाडू, असं सरळ गणित होतं. प्रेक्षकांना तेच हवं असायचं. रहीमनी भाषणं न देता नियमच असा केला की चेंडू सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्या स्पर्शात चेंडू मारा करता येईल अशा जागी आणायचा, दुसऱ्यात द्यायचा आणि लगेच रिकाम्या जागेत पळायचं. बलराम, झुल्फिकार, अझीझुद्दीन, नूर महंमद ही सगळी मेलबर्नच्या संघातली मंडळी हैदराबाद-सिकंदराबादचीच.

बलरामचं उदाहरण मुद्दाम देतो. घरची परिस्थिती बेताची, सरावाला यायला पैसे नाहीत. रहीमनी सायकलच्या भाड्याचे पैसे खिशातून दिले. खेळाडू मैदानापर्यंत पोचला पाहिजे हेही कोचचंच काम, असं मानणारा तो माणूस होता.

थ्रो-इन

वरच्यात हेलसिंकी ऑलिंपिक राहिलं आणि ते वगळून चालणार नाही. १९५२, युगोस्लाव्हियाकडून १०-१. आपला एकमेव गोल अहमद खानचा. कोच रहीमच होते, त्यामुळे त्यांच्या खात्यात हाही निकाल धरा. ‘अनवाणी खेळले म्हणून हरले’ हे अर्धंच खरं. गार, ओलसर मैदानावर बुटाशिवाय पाय घसरतो, टॅकल करताना माणूस आधीच बिचकतो, हे बरोबर. पण दुसरं कारण दमाचं होतं. आपल्याकडचे सामने कित्येक वर्षं ७० मिनिटांचे असायचे, ३५-३५ चे. तिथे ९० मिनिटं. ज्याचं शरीर सत्तराव्या मिनिटाला थांबायला शिकलंय त्याला उरलेली २० मिनिटं कुठून द्यायची? शिवाय दमलेली बचावफळी आधी चुकते ती जागा धरण्यात, पळण्यात नंतर.

त्यानंतर भारतीय फुटबॉल फेडरेशनने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला तोच देश समोर होता, यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून आपण उपांत्य फेरीत पोचलो होतो आणि युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपला होता. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचा, ज्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. शेवटी १-४ ने हरलो, पण १०-१ आणि ४-१ यांत जे अंतर आहे ते कोचिंगचं.

बाकी मेलबर्नचं कौतुक जपून करा. हंगेरी आली नाही म्हणून पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळाली, आणि प्रत्यक्षात एकच सामना जिंकला. कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३. माझ्या मते रहीमची खरी कसोटी १९६० रोम. गटात हंगेरी, फ्रान्स, पेरू. निकाल १-२, १-१, १-३. गुणतक्त्यात तळाला, पण तिन्ही सामन्यांत गोल केला आणि हंगेरीसारख्या संघाशी फक्त एका गोलाचा फरक. ही कामगिरी कुणी आठवत नाही कारण तिला पदकही नाही आणि नंबरही नाही.

पेठेतला विंगर

हे हवं होतं. कच्च्या पायाचा सामना आजच्या पोरांना कसा लावायचा? एकदा लावला तर दहा मिनिटांत गोंधळ होतो. पोरं अंग वळवून पुन्हा पक्क्या पायावरच चेंडू घेतात.

डावखुरा

विंगर, रहीमच्या स्पर्धांची नियमावली जशीच्या तशी आज वापरायची गरज नाही, तत्त्व घ्या. आजच्या मुलांसाठी असं लावा:

मैदान लहान ठेवा, साधारण ३० बाय २० मीटर, पाचास पाच, गोलकीपर नको, दोन बाजूंना छोटे गोल. पक्क्या पायात वेगळ्या रंगाचा मोजा घाला. रंगीत पायाने चेंडू खेळला की समोरच्याला फ्री किक. मोज्याशिवाय पंचाला कळतच नाही, आणि मग भांडणं. एक डाव आठ मिनिटांचा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, असे तीनच. जास्त वेळ घेतलात तर पोरं कंटाळून नुसता चेंडू ढकलतात, आणि पक्क्या पायाचा घोटा भरून येतो, कारण उभं राहायचं सगळं ओझं त्याच पायावर येतं.

सामन्याआधी दहा मिनिटं भिंतीवर किंवा जोडीने पाच मीटरवरून नुसते पास. इथे बघायचं ते टेकूच्या, म्हणजे जमिनीवर रोवलेल्या पायाकडे. कच्च्या पायाने मारताना टेकूचा पाय चेंडूच्या मागे राहतो, म्हणून चेंडू हवेत उडतो. तो चेंडूच्या शेजारी, एक वीत अंतरावर आला पाहिजे. निम्म्या पोरांचं एवढ्यानेच सुधारतं. अंग वळवायचा प्रश्न पास देणारा सोडवतो: चेंडू पायात न देता कच्च्या बाजूला एक पाऊल पुढे द्यायला सांगा, मग वळायला वेळच उरत नाही.

ड्रिब्लिंगबंदीचा सामना वेगळ्या दिवशी. दोन स्पर्श, तिसरा झाला की फ्री किक. यात हमखास बिघडतं ते असं की घाबरून सगळे लांब मारतात. उपाय म्हणून कमरेच्या वर गेलेला पासही फाऊल धरा. आणि एक स्पर्श लगेच सक्तीचा करू नका. त्या वयात आधी मान वर करून बघायची सवय लागली पाहिजे, नाहीतर डोळे मिटून लाथा मारल्यासारखं होतं.

हाफबॅक

सरावाचं झालं. ऐन सामन्यातला कोच बघायचा तर १९६२ चं जकार्ता एशियाड. दहा-बारा दिवसांत पाच सामने. पहिलाच दक्षिण कोरियाकडून ०-२ गमावला. मग थायलंड ४-१, जपान २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम ३-२. थायलंडविरुद्ध जर्नेलचं डोकं फुटलं, टाके पडले. तो संघाचा स्टॉपर, बचावाचा कणा. तेव्हा बदली खेळाडूची सोय जवळपास नव्हतीच, त्यामुळे जखमी माणूस मैदानात उतरवणं हा जुगार.

रहीमनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. हे शौर्य म्हणून सांगितलं जातं, पण त्यामागचा हिशोब बघा. स्टॉपरला समोरून येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्यावर घ्यावाच लागतो, त्याला निवड नसते. फॉरवर्ड कोणता चेंडू डोक्याने खेळायचा ते स्वतः ठरवतो. शिवाय जर्नेलचा धिप्पाड देह पुढे राहिला की समोरचे दोघे त्याच्यात अडकतात आणि चुनी, पीके, बलराम यांना मोकळीक मिळते. मागची जागा अरुण घोषने सांभाळली. उपांत्य सामन्यात चुनीचे दोन आणि जर्नेलचा एक गोल, म्हणजे प्रयोग फायनलच्या आधीच तपासून झाला होता.

४ सप्टेंबरच्या फायनलला समोर पुन्हा दक्षिण कोरिया. आजारातून उठलेला ताडमाड थंगराज गोलमध्ये परतला. पीकेने सतराव्या मिनिटाला गोल केला, जर्नेलने विसाव्या. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटी, २-१. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला वगळल्यावरून भारताचे क्रीडा पदाधिकारी सोंधी काहीतरी बोलले म्हणून अख्खं स्टेडियम भारताविरुद्ध पेटलेलं होतं, आणि आपल्या बाजूने ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ. त्या अकरात आपल्या कोलवाळचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनॅटो फ्रँको हाफबॅकला होता. गोव्यातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे, देव जाणे.

बदली गोली

सगळं मान्य, फक्त एक फुगा फोडतो. ‘ब्राझीलच्या आधी रहीमनी ४-२-४ (चार बचावाला, दोन मध्ये, चार आघाडीला अशी रचना) आणलं’ हे वाक्य दर महिन्याला कुठेतरी दिसतं. हंगेरीने १९५३ ला वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने झोडपलं तेव्हाच हिदेगकुटी सेंटर फॉरवर्ड असून मागे येऊन खेळत होता. तो विचार हवेतच होता. पहिलं कोण याला अर्थ नाही. युरोपात काय चाललंय ते ओळखून, सत्तर मिनिटांच्या सवयीच्या खेळाडूंकडून ते करून घेणारा भारतीय कोच तेव्हा दुसरा कोण होता, हे विचारा.

कूपरेज पूर्व स्टँड

गोली, पटलं. आणि वारशाबद्दल बोलायचं तर त्यांच्यानंतर वर्षभरात, १९६४ ला, हॅरी राइट कोच असताना आपण आशिया कपात उपविजेते ठरलो. म्हणजे घडवलेले खेळाडू अजून होते. १९७० ला बँकॉकमध्ये कांस्य, कर्णधार सय्यद नईमुद्दीन, पुन्हा हैदराबादचाच. त्यानंतर एशियाडमध्ये फुटबॉलचं पदक नाही. हैदराबादच्या पोरांच्या त्या स्पर्धा कुणीतरी चालू ठेवायला हव्या होत्या. त्याला ना परदेशी कोच लागतो ना फार पैसा.

पेठेतला विंगर

रंगीत मोज्यांचं उद्यापासूनच करतो. डावखुरा, एकच शंका: ज्याचे दोन्ही पाय सारखेच कच्चे आहेत त्याला मोजा कुठल्या पायात?

डावखुरा

अशा पोराला तीन आठवडे मोजाच नको. आधी भिंतीवर रोज प्रत्येक पायाने पन्नास पास, मग ज्या पायाचे कमी चुकतील त्यात.