समुदाय सहभागाचे क्रेडिट रद्द करा म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

मांजराकाठ
लातूरच्या एका पालकाची पोस्ट परवापासून फिरतेय. 'पोरीला बी.एस्सी.ला घातलं ते शिकायला, खेड्यात झाडू मारायला नाही. समुदाय सहभागाचे दोन क्रेडिट रद्द करा, गावाचीही कटकट जाईल आणि पोरांचीही.' खाली वाहवा करणारे ढीगभर. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. समुदाय सहभाग म्हणजे गावात जाऊन करायचं अभ्यासक्रमातलं काम, त्याचे दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. त्यात कुणी झाडू मारून घेत असेल तर तो त्या कॉलेजचा आळस. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात हे काम मुख्य विषयाशी जोडलेलं आहे. आमच्या पोरांनी एका वाडीवरच्या बोअरचं आणि हातपंपांचं पाणी आणलं. पाण्याचा कडकपणा मोजायला तेच ईडीटीएचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन सोडून मोजणं, जे प्रॅक्टिकलला जांभया देत करतात. पण बाटलीवर 'शाळेचा बोअर' असं लिहिलेलं असलं की ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला तरी पोरगं आपण होऊन पुन्हा करतं. एरवी शेजाऱ्याचं रीडिंग उतरवणारं हेच पोरगं! फ्लोराइडसाठी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले. शाळेच्या बोअरचं लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर आलं, म्हणजे ते पाणी पिण्यालायक नाही. हे शिकणं नाही तर काय?

माझी तक्रार निराळी आहे. शिबिरं, सर्वेक्षणं सगळी डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा आमच्याकडची कितीतरी घरं कुलूपबंद असतात, ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. पोरं ओसरीवरच्या म्हातारीला विचारून 'कुटुंबातील सदस्य २' लिहितात आणि मोकळी होतात. त्या कागदावरून गावाची गरज काय डोंबल कळणार? माणसं गावात असतील तेव्हा जा, आणि जे सापडलं ते ग्रामसभेत वाचा. रद्द कशाला करायचं?

लातूरचा पालक
पोस्ट माझीच. सर, तुमचं कॉलेज चांगलं असेल. माझ्या पोरीच्या कॉलेजाबाहेर झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते. गावाचं नाव बदला, फोटो चिकटवा, सरपंचाचा शिक्का आणा, झालं. जी खरोखर जाते तिचे हाल. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण आमच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडीच नाही. पोरगी अंधारात फाट्यावर उभी राहिली तर जबाबदार कोण? आणि त्या बोअरचं पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

त्र्याण्णवचा स्वयंसेवक
३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी उमरग्याला बी.ए.ला होतो. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. पहाटे माळवदं बसली आणि झोपेतली माणसं दगड-मातीखाली गेली. आम्ही हातानं ढिगारे उपसले, पावसात. कुणी विचारलं नाही किती मार्क मिळणार. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास, सात दिवसांचं शिबिर. ज्याला तळमळ आहे तो तिथं जातो. सक्ती आली की सेवेचा जीव जातो.

मांजराकाठ
दादा, तुमच्या कामाला हात जोडतो. पण भूकंपात धावून जाणं वेगळं आणि दर वर्षी त्याच बोअरचं पाणी तपासणं वेगळं. ह्या दुसऱ्या कामाला तळमळ पुरत नाही, तिथं वेळापत्रक लागतं.

पालकसाहेब, अहवाल त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत दिला. शाळेनं पाणी दुसरीकडून घेतलं. बोअर मात्र चालूच आहे, वाडीवरची घरं अजून तिथंच भरतात. अहवाल फलकावर लावला नाही. म्हणूनच ग्रामसभा म्हणतोय.

तासिकावाला
सगळे गाव आणि सेवा बोलताय. हे ६० तास घेतो कोण? सीएचबीवाला, म्हणजे तासावर नेमलेला शिक्षक. नेट, पीएचडी करून मला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने थकून. गावात गेलेल्या दिवसाचा तास कुठल्याच बिलात बसत नाही. पेट्रोल माझं. अहवालावर सही कायमवाल्या सरांची. मांजराकाठ सर, तुम्ही कायम आहात ना?

मांजराकाठ
हो, कायम आहे. आणि गावात मी स्वतः जातो.

तासिकावाला
तुम्ही जाता ते पगारावर जाता. त्याचं कौतुक आम्हाला ऐकवू नका.

निवृत्त प्राचार्य
जिथं तिथं सीएचबीचं रडगाणं! आम्ही सायकलीवर खेडी केली. शिक्षक म्हणवता तर एवढं करायलाच पाहिजे.

तासिकावाला
सायकलीवर केलीत, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन केलीत. आज पेन्शन आहे. माझं वय चाळिशीकडं चाललंय, लग्नाच्या बैठकीत 'पर्मनंट कधी' एवढंच विचारतेत. भरती तुमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत थांबली, तेव्हा कोणता प्राचार्य रस्त्यावर उतरला?

निवृत्त प्राचार्य
वैयक्तिक जाऊ नका. मोर्चात मी होतो.

तासिकावाला
मग जागा कुठंयत?

टोळीतली लेक
थांबा जरा. माझे आईवडील कोयत्यावर जातात. वर्गातल्या पोरांनी आमच्या गावाचं सर्वेक्षण केलं आणि आमच्या घरासमोर 'बंद घर' लिहिलं. मी त्याच वर्गात बसते. माझा विषय समाजशास्त्र, स्थलांतरावर पूर्ण प्रकरण आहे आम्हाला.

पुढच्या वर्षी आम्ही मॅडमच्या मागं लागून दिवाळीआधी काम घेतलं. ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राचे फॉर्म भरले, ग्रामसेवकाकडं चकरा मारल्या. कुणाची लेकरं मागं राहणार ह्याची यादी करून हंगामी वसतिगृहासाठी शाळेत दिली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचल म्हणजे आगाऊ पैसे, हिशेब सगळं बापाच्या नावावर. आईचा फॉर्म वेगळा भरायला घेतला तर म्हणली, "माझा कामून? मी तर ह्यांच्यासंगं जाते." तिला समजावून सांगताना मला ते प्रकरण कळलं. परीक्षेत लिहिलं तेव्हा नव्हतं कळलं.

आमच्या मॅडम सीएचबीवरच आहेत. तासिकावाले सर बोलतात ते खरंय, त्यांना त्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. पण म्हणून काम बंद करा म्हणू नका. पैसे मागा, आम्ही सह्या देतो.

त्र्याण्णवचा स्वयंसेवक
पोरी, हे आमच्या शिबिरात कधी झालं नाही. आम्ही रस्ते झाडले, शोषखड्डे खणले. सक्तीला माझा विरोध आहेच. पण दिवाळीआधी जायचं, हे पटलं.

लातूरचा पालक
मलाही वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीला पाठवीन, दिवसाउजेडी परत येणार असेल आणि सोबत शिक्षिका असेल तर. पण झेरॉक्सच्या फाईलला शून्य मार्क, अशी नोटीस तिच्या कॉलेजात लागू द्या. तोवर पोस्ट मागं घेणार नाही.

मांजराकाठ
नोटिशीची मागणी रास्तच आहे, मीही आमच्याकडं लावून धरतो. बोअरचा अहवाल १ मेच्या ग्रामसभेत वाचणार आहोत, तोवर टोळ्या परतलेल्या असतात. तासिकावाले सर, तुम्हीही या.

तासिकावाला
१ मेला आमची नेमणूक संपलेली असते, सर. आधी त्या दिवसाचं मानधन प्राचार्यांकडून लेखी घ्या, मग येतो.