खातं मुलांच्या सहीचं

'हातात पैसे दिले की मुलं उधळतात' हे मान्य, पण आमच्याकडे उधळू दिले म्हणूनच लेकीला पैसे सांभाळणं जमलं. १० वर्षांपुढच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच बँकांना दिली आहे. लेक नववीत गेल्यावर खातं काढलं आणि बसपास, वह्या, मोबाइलचं रिचार्ज सगळं तिच्याकडे सोपवलं. पहिल्याच महिन्यात २० तारखेला खडखडाट! तोंड एवढंसं झालेलं. आजीने गुपचूप शंभराची नोट सरकवली (या आज्यांचं काय करायचं?). पुढच्या महिन्यात मात्र बाईसाहेबांनी पासाचे पैसे आधी बाजूला काढले. बँकेत पैसे काढायची स्लिप तीनदा चुकली, मी आपली लांब बाकावर बसून राहिले, उठले नाही.