एन ६४ घ्यायचा तर मारिओसाठी

निन्टेंडो ६४ (एन ६४) हा व्हिडिओ गेम कन्सोल घ्यावा तो फक्त गोल्डनआय या गेमसाठी, असं कुणीतरी म्हटलंय. गोल्डनआय भारीच, पण तो आला १९९७ मध्ये. जून १९९६ ला जपानात हा कन्सोल आला तेव्हा सोबत जेमतेम तीन गेम होते, आणि एकट्या सुपर मारिओ ६४ ने पैसे वसूल करून दिले. कंट्रोलरच्या मधली ती दांडी अलगद ढकलली की मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण रेटली की धूम पळतो. व्हॉम्पचा किल्ला या टप्प्यात पिरान्हा रोपटं, म्हणजे चावणारं शत्रू-रोपटं, झोपलेलं असतं ना, त्याच्याजवळ चोरपावलांनी गेलात तर ते झोपूनच राहतं. धावत गेलात की खडबडून जागं! अंगठ्याच्या नुसत्या जोराला एवढा अर्थ? गेममधले सगळे १२० तारे मिळवून झाले तरी राजवाड्याच्या अंगणात उड्या मारायला मी अजून तो गेम लावतो.