खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम आणि इतर धोके

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक्स-रे चांगला आला की धोका टळला, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला पटत नाही. मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा निमुळता भाग) मोडून ती स्क्रूने जोडली असेल, तर हाडाच्या डोक्याचा (सांध्यात बसणाऱ्या गोलाचा) रक्तपुरवठा तुटल्याने ते वर्ष-दोन वर्षांनीही खचू शकते. घरच्यांच्या नजरेतून सर्वाधिक निसटतो तो मात्र वृद्धांचा संभ्रम: शस्त्रक्रियेनंतरच्या एखाद्या रात्री रुग्ण सलाईनची नळी ओढतो, पोटच्या मुलाला ओळखत नाही आणि ‘वय झाले’ म्हणून सारे गप्प बसतात. अशा वेळी रक्तातील सोडियम व ऑक्सिजन, वेदना, तुंबलेली लघवी व जंतुसंसर्ग यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. चष्मा आणि श्रवणयंत्रही लगेच परत द्यावे. पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर मालिश न करता तत्काळ डॉक्टरांना कळवावे, कारण पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.