मदत हवी आहे: 'रु'ने सुरू होणारी जपानी गाणी

आमच्या जपानीच्या वर्गात येत्या रविवारी शिरितोरी आहे, म्हणजे जपानी अंताक्षरी. फरक इतकाच की इथे गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरायचं आणि नाव 'न्'वर संपलं की तुम्ही बाद.

गोची 'रु'ची आहे. जपानी क्रियापदं ढिगाने 'रु'वर संपतात, त्यामुळे समोरचा मुद्दाम तेच टाकतो (मागच्या वेळी सलग तीनदा!). उलट मूळचे जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत म्हटलं तरी चालेल, उरतात ते चिनीतून किंवा इंग्रजी-फ्रेंचमधून आलेले.

आतापर्यंत सापडलेली: तेराओ आकिराचं 'रुबी नो युबिवा' (1981). हे उत्तम, 'वा'वर सुटतं. मात्सुतोया युमीचं 'रूजु नो देन्गोन' (1975) मला तोंडपाठ आहे, पण शेवटी 'न्', म्हणजे आत्महत्याच. जुनं 'रुतेन' त्याच कारणाने गेलं. कराओकेची जपानी वर्णक्रमाने लावलेली यादी चाळली, पण अर्धी नावं रोमन लिपीत, त्यांचा उच्चार कळत नाही.

अटी: नाव काना (जपानी अक्षरं) किंवा कांजीत (चिनीतून आलेली चिन्हं) छापलेलं हवं, रोमन चालत नाही. 'ल'ने सुरू होणारे परके शब्द चालतील, जपानीत ते 'र'च होतात. 'रा', 'री', 'रे' नकोत, ती भरपूर आहेत. निदान दोन ओळी गाता यायला हव्यात, त्यामुळे नुसत्या वाद्यांच्या धून नकोत.

'रु'ने सुरू होणारी, 'न्'वर न संपणारी आणखी चार-पाच गाणी कुणाला आठवतात का? आणि एखादं स्वतःच 'रु'वर संपणारं असेल तर? तेच समोरच्याला परत देता येईल.