लेकीचे कुरळे केस, बोअरचं पाणी आणि शाळेच्या दोन वेण्या: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. लेक सहावीत आहे आणि केस थेट बापावर गेलेत, कानाखाली नुसते वेटोळे. माझे केस सरळ, त्यामुळे आईकडून शिकलेलं काहीच इथे कामाला येत नाही.

घरात बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो, शाम्पूला धड फेस येत नाही. केस वाळले की वरून फुलतात आणि मानेपाशी गुंता होतो. शाळेत रिबिनी लावून दोन वेण्या सक्तीच्या, म्हणजे रोज सकाळी कोरड्या केसांत कंगवा आणि रडारड. सासूबाईंचं एकच, "केसले तेल लाव ना वं माय!" लावते की! रविवारी रात्री खोबरेल चोपडते, पण ते काढायला दोनदा शाम्पू करावा लागतो आणि केस पुन्हा कोरडेठाक.

व्हिडिओ पाहिले, पण त्यातल्या बहुतेक मुली मुंबईच्या दमट हवेतल्या. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. महागड्या बाटल्या आणायची तयारी नाही. चटणीसाठी आणलेले जवस घरात आहेत, त्याचं जेल खरंच चालतं का? शिकेकाई बरी का? पार्लरवाली स्मूदनिंग (रसायन लावून केस सरळ करणं) करा म्हणते, ते मला या वयात नको आहे.

प्रतिसाद:
ताई, मी भुसावळची, केसही तसलेच. स्मूदनिंगला नाही म्हणालात ते उत्तम. त्यातल्या काही प्रकारांत तापवताना फॉर्माल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ निघते.

आधी पाणी. अंगाचा साबण केसांना लावत असाल तर बंद करा, क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका केसांवर बसतो. सगळी आंघोळ जारच्या पाण्याने परवडणार नाही, पण शेवटचे दोन तांबे तेवढे जारचे घ्या. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू लावा, त्यावर चिलेटिंग असं लिहिलेलं असतं.

तेल रात्रभर नको. धुण्याआधी तासभर, तेही थोडं आणि लांबीवर. वळणांमुळे टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोकंच कोरडी पडतात. शाम्पू मात्र फक्त टाळूला, मग लांबीवर भरपूर कंडिशनर. तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवा. कोरड्या केसांत कंगवा घालूच नका. पुसायला टॉवेल नको, जुना सुती टी-शर्ट घ्या आणि नुसतं दाबून पाणी टिपा.

जवस चालतात, मी तेच वापरते. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा. तार धरू लागली की लगेच गाळा, गार झाल्यावर बापजन्मी गाळलं जात नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांत मुठीने चुरगाळत लावा. विकतच्या क्रीममध्ये ग्लिसरीन जास्त असेल तर आपल्या कोरड्या झळांत ती उलटी पडू शकते, पावसाळ्यापर्यंत थांबा. शिकेकाई पूड थेट नको, कण वेटोळ्यांत अडकतात. काढा गाळून चालेल, पण त्यानेही केस कोरडे होतात.

वेण्यांसाठी सकाळी फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि किंचित कंडिशनर, तेवढ्यावर बोटांनी भाग पाडा. वेण्या सैल घाला. रोज घट्ट ओढल्या तर कपाळाजवळचे केस विरळ होतात.

धागाकर्ती:
खूप आभार! जारचं पाणी डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका, जेल वाळल्यावर केस कडक लागतात का? लेक म्हणेल, हे काय लावलं.

प्रतिसाद:
लागतात, पापुद्रा धरतो. पूर्ण वाळू द्या, मग हातावर दोन थेंब तेल घेऊन केस मुठीत हलके चुरगाळा, मोडतो. ओले असताना हात लावू दिलात तर मात्र सगळं फुलेल, त्यामुळे रविवारी सकाळीच धुवा.