धूरतपासणीत अडकलेली गाडी थेट भंगारात?

जुनंइंजिन: 'तपासणी पास होत नाही त्या गाडीची नोंदणी वाढवूच नका, भंगारात काढा', असं काल कुणीतरी इथे ठणकावलंय. राहवलं नाही. माझी गाडी अडकली ती धुरामुळे नव्हे, दोन दिवस आधी बॅटरी बदलली म्हणून! गाडीच्या संगणकाची मेमरी पुसली, ओबीडीचे (धुराची यंत्रणा ठीक आहे का हे गाडी स्वतःच तपासते, त्याचे) मॉनिटर 'नॉट रेडी', म्हणजे ती तपासणी अजून पुरी नाही. धूर कुणी बघितलासुद्धा नाही. वायर जोडली, मान हलवली, पुढची गाडी. नोंदणी संपायला चार दिवस.

कटकट्या: ते वाक्य माझंच. 'नॉट रेडी' म्हणजे नापास नव्हे. थंड इंजिनपासून सुरू करून थोडं हायवेला, थोडं गर्दीत चालवायची, होतात रेडी. चार दिवस उरेपर्यंत थांबलं कोण?

जुनंइंजिन: तीन खेपा झाल्या साहेब. टाकी काठोकाठ असली की इव्हॅपचा (टाकीतली इंधनाची वाफ बाहेर गळते का ते बघणारा) मॉनिटर चालतच नाही, हे आधी सांगायला काय जातं? मी शहाणा टाकी फुल्ल करून गावभर फिरतोय.

पानापक्कड: गॅरेज माझं आहे, म्हणून बोलतो. लोक येतात, 'इंजिनचा दिवा घालवा, उद्या तपासणी आहे.' धूर साफ करणारा कन्व्हर्टर मेलेला असतो, त्याचा खर्च नको, फक्त दिवा घालवा! दिवा घालवायला बिघाडाचा कोड पुसला की मॉनिटरही पुसले जातात. मॉनिटर 'रेडी' हवेत ही अट त्यांच्यासाठीच आहे. (आणि टाकीचं झाकण नीट लावत जा रे, तेवढ्यानेही दिवा लागतो.)

धुरंधर: दिव्यावरून महाभारत! गाडीच्या संगणकालाच विचारायचं तर २०१५ विसरलात? फोक्सवॅगनची डिझेल इंजिनं चाचणी ओळखून गुणी बाळासारखी वागायची. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. धुराच्या नळीतच प्रोब घालून मोजा.

कटकट्या: घाला की. काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकलेली डिझेल गाडीही जुन्या धूरमापकावर पास होऊन जाते. नेदरलँड्सने २०२३ पासून धुरातले बारीक कण मोजायला घेतले ते हौसेने नव्हे.

जुनंइंजिन: म्हणजे काजळी ओकणारा पास, आणि मी बॅटरीपायी अडकलो. धन्य!

धुरंधर: हे मात्र खरंय. तुमच्या बाजूने बोलावं लागतंय याचं वाईट वाटतं.

पानापक्कड: बॅटरी काढताना मेमरी सेव्हर (तेवढ्यापुरती वीज देऊन मेमरी टिकवतो तो) नाही लावला? कुठल्या दिवट्याने बदलली?

जुनंइंजिन: मीच.

कटकट्या: भंगाराचं मागे घेतो. गाडीपुरतं.